जोंगामध्ये तिचे मूळ सहा-सिलिंडर इंजिन परत बसवताना

जबलपूरच्या वाहन कारखान्यात निस्सानच्या परवान्याने १९६९ पासून लष्करासाठी तयार झालेली जोंगा ही मुळात निस्सान पॅट्रोल ६० या गाडीची भारतीय आवृत्ती होती, आणि तिच्या बॉनेटखाली निस्सानचे ‘पी’ मालिकेतील पेट्रोल इंजिन होते. एका ओळीत सहा सिलिंडर, ८५.७ मिमी बोअर, ११४.३ मिमी स्ट्रोक आणि ३,९५६ घनसेंमी क्षमता असलेले हे इंजिन लष्करी सेवेत चांगले चालले. लिलावातून गाड्या खासगी हातात आल्या तेव्हा मात्र पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून अनेक मालकांनी ते काढून चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवले. आज मुंबईच्या आसपास जी जोंगा विकायला येते, तिच्यात बहुधा असे बदललेले इंजिनच असते. तिच्यात स्ट्रेट-सिक्स, म्हणजे एका ओळीतल्या सहा सिलिंडरांचे मूळ इंजिन, परत कसे बसवावे, हे मी वसईतल्या भाड्याच्या गाळ्यात स्वतः केलेल्या कामाच्या आधारे सविस्तर लिहितो.

सहा सिलिंडरचे इंजिन कोणत्याही जुन्या जीपमध्ये बसवावे का, असे मला अनेकदा विचारले जाते. माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण इंजिनाची लांबी हे आहे. महिंद्राच्या सीजे-३बी जीपचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांतले अंतर) ८० इंच, म्हणजे २,०३२ मिमी, आणि तिचा पुढचा भाग २.२ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाच्या मापाने बेतलेला आहे. अमेरिकेत १९७२ साली सीजे-५ मध्ये एका ओळीतले सहा सिलिंडर बसवायचे ठरले, तेव्हा खुद्द कंपनीलाच गाडीचा पुढचा भाग लांबवून व्हीलबेस ८१ वरून सुमारे ८४ इंचांवर न्यावा लागला. जे कारखान्याला पत्रा आणि चॅसिस बदलल्याशिवाय जमले नाही, ते आपण केबिनचा पत्रा कापून आणि रेडिएटर पुढे ढकलून जमवू गेलो, तर गाडी ना धड जीप राहते ना धड दुसरे काही. जोंगाची चॅसिस याच इंजिनासाठी घडवलेली असल्यामुळे तिच्यात प्रत्येक गोष्टीला मूळ जागा आहे, आणि ती जागा शोधून काढणे हेच या कामाचे मर्म आहे.

कागदपत्रे आधी

पाना हातात घेण्यापूर्वी गाडी ज्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदलेली आहे तिथे जावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ ठामपणे मांडला. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपण निर्मात्याचेच मूळ इंजिन परत बसवत असलो, तरी नोंदणी पुस्तकात मध्यंतरी डिझेलची नोंद झालेली असेल, तर इंधनाचा प्रकार आणि इंजिन क्रमांक दोन्ही बदलणार आहेत. म्हणून लेखी अर्ज करून मंजुरी घ्यावी आणि मगच गाडी उघडावी. इंजिन बदलल्याची माहिती कार्यालयाला चौदा दिवसांच्या आत द्यावी लागते. त्यासाठी जुन्या इंजिनाची रीतसर पावती, विकणाऱ्याचा पत्ता आणि ब्लॉकवर कोरलेल्या क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र जवळ असावे. ज्या ब्लॉकवरचा क्रमांक घासलेला आहे तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

मूळ इंजिनाचा आणखी एक लाभ असा की २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी फक्त अशा गाड्यांना मिळते, ज्यांच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झाली आहेत आणि ज्यांच्या चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही. डिझेलची जोंगा त्या दारातून आत जाऊ शकत नाही. अर्थात व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

इंजिन निवडणे आणि उघडणे

इंजिन लष्करी भंगाराच्या लिलावातून, तिथून माल उचलणाऱ्या व्यापाऱ्यांकडून किंवा सुट्या भागांसाठी मोडलेल्या जोंगातून मिळते. कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या दुकानांत चौकशी जरूर करावी. खरेदी करताना फ्लायव्हील, बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारे कवच), सेल्फ, पुढची पुली, दोन्ही मॅनिफोल्ड आणि माउंटिंगचे ब्रॅकेट इंजिनासोबतच घ्यावेत, कारण हे भाग नंतर सुटे शोधण्यात जितके महिने जातात तितके इंजिन शोधण्यातही जात नाहीत.

सौदा करण्यापूर्वी शक्य असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासावे. सहाही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचे माप घ्यावे. आकडा किती आहे यापेक्षा सहा आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत हे अधिक बोलके असते. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १० टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर इंजिन उघडावे लागणार असे समजावे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकत्र पडलेले दिसले, तर त्यांच्या मधले हेड गॅस्केट फुटलेले असण्याची शक्यता मोठी असते.

स्ट्रेट-सिक्सचे गुण आणि दोष दोन्ही त्याच्या रचनेतून येतात. क्रँकचे (पिस्टनांची येरझार फिरकीत बदलणाऱ्या दांड्याचे) सहा गुडघे १२० अंशांच्या अंतराने जोडीजोडीने येतात, एक आणि सहा, दोन आणि पाच, तीन आणि चार, त्यामुळे पिस्टनांच्या येरझाऱ्यांचे झटके आपसांत कटतात आणि इंजिन विलक्षण सुरळीत चालते. परंतु लांब क्रँक प्रत्येक स्फोटाबरोबर किंचित पिळला जातो, आणि तो पीळ शमवण्यासाठी पुढच्या पुलीत रबराचा थर असलेला डॅम्पर बसवलेला असतो. चाळीस वर्षांत ते रबर फुगते किंवा बाहेरची कडी सरकते. पुलीवर आतून बाहेरपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी आणि इंजिन काही वेळ चालवून ती तुटली का ते पाहावे. रेघ तुटली तर डॅम्पर बदलावा, नुसती वेल्डिंग केलेली साधी पुली कधीही लावू नये, कारण पुढे क्रँकच तुटतो.

हेडही तितकेच लांब असल्यामुळे वाकण्याची शक्यता अधिक असते. स्वच्छ केलेल्या हेडवर अचूक सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरपी ठेवून खाली फिलर गेज घालावा. ०.१ मिमीहून जाड पाते शिरत असेल, तर हेड फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करायला, पाठवावे. हेड मशिनशॉपला गेलेच आहे, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घ्याव्यात. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे. ते शिसे व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये संरक्षक थर धरत असे, पण भारतात २००० सालापासून शिसेरहित पेट्रोलच मिळते. मऊ ओतीव लोखंडाची सीट हळूहळू खोल जाते, टॅपेटमधले, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतले, अंतर आपोआप कमी होते, आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. लांब एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाही हाच क्रम लागू आहे, आणि तापल्यावर प्रसरणाला वाव राहील इतपतच ते आवळावे, कारण जोराने आवळलेले मॅनिफोल्ड दोन्ही टोकांना तडकते.

जुने इंजिन काढणे आणि चॅसिस वाचणे

डिझेल इंजिन काढण्यासाठी किमान एक टन क्षमतेची चेनपुली आणि तिचा भार पेलणारी तुळई हवी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू नये, आणि जून ते सप्टेंबर या महिन्यांत उघड्या जागेत तर अजिबात करू नये, कारण मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत घासून मोकळे केलेले लोखंड रातोरात तांबूस पडते.

इंजिन निघाल्यावर चॅसिस तेल आणि चिखलापासून पूर्ण मोकळी करावी. आधीच्या गॅरेजने मूळ ब्रॅकेट गॅस कटरने कापलेले असतील, तरी मूळ रिव्हेट किंवा बोल्टची छिद्रे, कापल्याच्या कडा आणि रंगाखालच्या खुणा बरेच सांगतात. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे न कापलेली दुसरी जोंगा शोधून तिच्या मालकाच्या परवानगीने मापे घेणे. पुढच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) पिनपासून ब्रॅकेटच्या छिद्रापर्यंतचे अंतर, ब्रॅकेटची चॅसिसच्या वरच्या कडेपासूनची उंची आणि दोन ब्रॅकेटमधली रुंदी, ही तीन मापे दोन्ही बाजूंनी घ्यावीत. मी या एका कामासाठी दोन रविवार घालवले आणि पुढचे दोन महिने वाचवले.

चॅसिस सरळ आहे का ते ओळंब्याने पाहावे. सपाट फरशीवर गाडी स्टँडवर समतल उभी करून चॅसिसच्या ठरावीक बिंदूंवरून ओळंबा सोडावा, फरशीवर खडूने खुणा कराव्यात आणि तिरकस कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या कर्णांत ५ मिमीहून अधिक तफावत असेल, तर आधी चॅसिसचे काम करावे. नवा ब्रॅकेट जोडताना चॅसिसच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीवर आडवे वेल्डिंग करू नये, कारण तडा तिथूनच सुरू होतो. उभ्या बाजूवर पट्टी लावून शक्यतो बोल्ट घालावेत.

इंजिन जागेवर आणणे

या टप्प्यावर घाई सर्वांत महाग पडते. बहुतेक मिस्त्री इंजिन पुढून, म्हणजे रेडिएटरच्या बाजूने जमवायला लागतात आणि मागे उरेल त्या जागेत गिअरबॉक्स घालतात. क्रम याच्या नेमका उलट हवा. आधी ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) आणि गिअरबॉक्स त्यांच्या मूळ माउंटिंगवर बसवावेत, त्याला रिकामा ब्लॉक बेलहाउसिंगसह जोडावा, मग सहाव्या सिलिंडरमागे केबिनच्या पत्र्यापर्यंत हात आणि पाना जाईल एवढी जागा आहे का ते पाहावे, त्यानंतर खालचा ॲक्सल आणि सर्वांत शेवटी पंखा आणि रेडिएटर. पूर्ण बांधलेले जड इंजिन वर-खाली करण्यापेक्षा रिकामा ब्लॉक, संप (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) आणि हेडचे खोके घेऊन जागा ठरवणे कितीतरी सोपे जाते.

कोन मोजण्यासाठी चुंबकाची कोनमापक पट्टी पुरते. इंजिन मागच्या बाजूला किंचित कललेले असते, आणि त्याच्या आउटपुट फ्लँजचा कोन मागच्या डिफरन्शियलच्या फ्लँजला समांतर राहिला पाहिजे. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही क्रॉसवरचे (सांध्यांवरचे) कोन एकमेकांहून एक अंशापेक्षा जास्त वेगळे नसावेत आणि प्रत्येक क्रॉसवर साधारण एक ते तीन अंश कोन यावा. कोन शून्य ठेवल्यास क्रॉसमधल्या सुया एकाच जागी घासून खड्डा पाडतात. गाडी समतल असताना मॅनिफोल्डवरचा कार्बोरेटरचा पाया समतल येतो का, हेही याच वेळी पाहावे. तो तिरका आला तर इंजिनाचा कल चुकला आहे असे समजावे.

उंची ठरवताना माझ्याकडून एक चूक झाली ती इथे नोंदवतो. गाडी स्टँडवर असताना, म्हणजे पुढचा ॲक्सल खाली लोंबत असताना, मी संप आणि ॲक्सलचे हौजिंग यांच्यातले अंतर भरपूर आहे असे मानले. माळशेज घाटाच्या वाटेवर एका खड्ड्यात पाटे पूर्ण दबले, हौजिंगने संपला खालून ठोकर दिली, पत्रा आत गेला आणि ऑइल पंपाच्या जाळीला टेकला. ऑइल प्रेशरचा काटा पडताना दिसला म्हणून मी लगेच इंजिन बंद केले आणि बेअरिंगे वाचली. त्यानंतर मी मोजण्याची पद्धत बदलली. हौजिंगवर, टाय रॉडवर आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर घट्ट मळलेल्या कणकेचे लिंबाएवढे गोळे चिकटवावेत, पाट्यांची वरची पाने सोडून बाकीची काढावीत आणि जॅकने ॲक्सल एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, मग दोन्हीकडून बंप स्टॉपला (ॲक्सलची वरची हालचाल अडवणाऱ्या रबराला) पूर्ण टेकेपर्यंत उचलावा. खाली घेतल्यावर दबलेल्या गोळ्याची जाडी मोजावी. ती कुठेही ४० मिमीपेक्षा कमी भरली, तर इंजिन तेवढे वर घ्यावे किंवा बंप स्टॉपखाली तेवढी जाड पट्टी घालावी. बंप स्टॉपचे रबर स्वतःही दबते, म्हणून हे ४० मिमी चैन नव्हे.

जागा नक्की झाली की ब्रॅकेट फक्त टाके मारून धरावेत, सारे पुन्हा मोजावे आणि इंजिन काढून मगच पूर्ण वेल्डिंग करावे. माउंटिंगची रबरे नवीन हवीत.

बेलहाउसिंग आणि क्लच

गिअरबॉक्स मूळचा असो वा नसो, बेलहाउसिंगचे छिद्र क्रँकच्या केंद्राशी जुळते का ते डायल गेजने तपासावे. गेज फ्लायव्हीलवर बसवून क्रँक हाताने फिरवावा आणि पूर्ण फेऱ्यात काटा ०.२ मिमीच्या आत राहिला पाहिजे. हा फरक जास्त असेल, तर गिअर अडकणे, पायलट बेअरिंग ओरडणे आणि इनपुट शाफ्टचे ऑइल सील गळणे हे सारे ओघाने येते, आणि मग मिस्त्री क्लच प्लेट बदलत राहतात. फ्लायव्हील फेसिंग करून घ्यावे, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग नवीन घालावे. नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगे आणि ऑइल सील क्रमांकावरून मिळतात, म्हणून जुना नमुना आणि त्याचे माप दोन्ही बरोबर न्यावे. क्लच प्लेट मध्यावर धरण्यासाठी मोडक्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट हे सर्वांत उत्तम साधन आहे.

पाणी आणि इंधन

लिंकिंग रोडवरच्या संध्याकाळच्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास रांगणाऱ्या चार लिटरच्या इंजिनाला वाऱ्याची मदत मिळत नाही. म्हणून रेडिएटरचा तांब्या-पितळेचा कोअर नवा घालून घ्यावा आणि पंख्याभोवती पत्र्याचे आवरण असलेच पाहिजे. पंख्याचे पाते अर्धे आवरणाच्या आत आणि अर्धे बाहेर असावे, पाते आणि कोअर यांत २० ते २५ मिमी अंतर ठेवावे. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जी सर्रास पद्धत आहे ती चुकीची आहे. त्याने इंजिन कधीच नीट तापत नाही, तेलात पाणी आणि पेट्रोल साचते. स्ट्रेट-सिक्समध्ये पाणी पुढून शिरते आणि मागच्या सिलिंडरांपर्यंत पोहोचायला त्याला लांबचा प्रवास करावा लागतो, त्यामुळे पाचव्या आणि सहाव्या सिलिंडरभोवती साचलेला गाळ ब्लॉकचे प्लग काढून तारेने खरवडून काढल्याशिवाय ब्लॉक बांधू नये.

आता पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले ई-२० पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या त्यात फुगून चिरतात, म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक नळी आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घालावा. इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. मिश्रणाचेही गणित बदलते. शुद्ध पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५ पट, म्हणजे त्याच हवेत जवळजवळ ९ टक्के अधिक इंधन पाठवावे लागते. जेटचे, म्हणजे कार्बोरेटरमधल्या इंधनाच्या छिद्राचे, क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून व्यास चारच टक्के वाढवायचा, उदाहरणार्थ १.५० मिमीच्या जागी १.५५ किंवा १.५६. एका कार्बोरेटरवरच्या सहा सिलिंडरांना इंधन सारखे पोहोचत नाही, टोकाचे एक आणि सहा बहुधा उपाशी राहतात. त्यामुळे प्लगचा रंग पाहताना निर्णय या दोघांवरून घ्यावा.

विजेच्या बाबतीत एकच गोष्ट आवर्जून सांगतो. सेल्फ, चार्जिंग आणि मीटर १२ व्होल्टचे आहेत की २४ व्होल्टचे, ते प्रत्येकाच्या पट्टीवर वाचावे, कारण डिझेलच्या काळात गाडीत दोन्ही मिसळलेले असू शकतात.

पहिल्यांदा सुरू करताना

प्लग काढून सेल्फने इंजिन फिरवावे आणि ऑइल प्रेशरचा काटा हलल्याशिवाय ठिणगी देऊ नये. डेल्कोच्या, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या, टोपीवर तारा १-५-३-६-२-४ या क्रमाने, रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने लावाव्यात. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील, तर जस्त-फॉस्फरस भरपूर असलेले तेल घालून इंजिन सुरू होताच मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर वीस मिनिटे सलग चालवावे. ते आयडलवर सोडू नये, कारण कॅमला तेल क्रँकच्या फिरण्यातून उडणाऱ्या शिंतोड्यांतूनच मिळते. या वीस मिनिटांत एक जण तापमान आणि प्रेशर पाहील, दुसरा गळती पाहील, आणि आगीचा सिलिंडर हाताशी असेल.

नव्या इंजिन क्रमांकासह परिवहन कार्यालयात तपासणी होऊन नोंद बदलली, विमा कंपनीला लेखी कळवले आणि पीयूसी झाले की गाडी रस्त्यावर काढावी. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर बदलावे, टॅपेटचे अंतर पुन्हा मिळवावे, माउंटिंग, बेलहाउसिंग आणि प्रोपेलर शाफ्टचे सारे बोल्ट टॉर्क पान्याने तपासावेत, आणि पुढच्या पुलीवरची ती पांढरी रेघ अजून सरळ आहे का ते पाहावे.